सातव्या हातानंतर

नागुबाई गेली हे चंद्रप्पाला कळलं, तेव्हा त्याचे दोन्ही हात एका शेतकऱ्याच्या डाव्या पायावर होते. ताडकळसापासून कोसभरावरच्या मळ्यात तो सकाळीच आला होता. तिथला शेतकरी गाडीवरून पडून आखडला होता. शेजारचा मुंजाजी धापा टाकत आला, बांधावरच थांबला आणि म्हणाला, "चंद्रप्पा, घरला चला. काकू गेल्या."

बायकोला दोन दिवसांचा ताप होता, दुसरं काही नव्हतं. चंद्रप्पाने मुंजाजीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. डावा पाय झाला होता, उजवा राहिला होता. त्याने उजवा पाय ओढून घेतला, तेल लावलं आणि मांडीपासून टाचेपर्यंत रोजच्याइतकाच वेळ चोळला. पालथा पडलेला शेतकरीच रडायला लागला. "उस्ताद, राहू द्या हो. जावा तुमी."

"हलू नका," चंद्रप्पा म्हणाला. "एक अंग चोळून दुसरं सोडलं तर माणूस वाकडा होतो."

मग त्याने हात धुतले आणि तो मुंजाजीच्या मागे चालू लागला.

गाव हे बरेच दिवस बोलत होतं. कुणी म्हणालं, माणूस दगडाचा आहे. कुणी म्हणालं, बायको गेली तरी ह्याचं गिऱ्हाईक सुटेना. चंद्रप्पाने रीतीप्रमाणे माती दिली, लिंगायतांच्या पुरोहितांना, जंगमांना, जेवू घातलं आणि पंधराव्या दिवशी तो पुन्हा ओसरीवर एका माणसाला पालथं घालून बसला. नागुबाई गेली, हे शब्द मात्र त्याच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. कुणी विषय काढला की तो म्हणे, "हां, ते झालं खरं," आणि तेलाची वाटी जवळ ओढी.

थोरली बहीण चन्नबसम्मा घर सांभाळायला येऊन राहिली. तिला सगळे अक्का म्हणत. अक्काचं तोंड चुलीपेक्षा गरम होतं.

"चंद्रप्पा, अंगठा बघ तुझा. लिंबाएवढा सुजायलाय. जन्मभर लोकांचे पायच धरणार का?"

"धरीन."

"आन् तू मेल्यावर?"

"त्यांचे पाय त्यांच्यापाशी."

"हात हायेत तुझे, का घरातली भांडी? कुणाला देऊन जाशील का न्हाई? दोन माणसं ठेव शिकायला. घरात बोलायला तरी कुणी पाहिजे. मी एकटी किती बोलू?"

ती एकटी पुष्कळ बोलत होती, पण चंद्रप्पाने माणसं ठेवली.

पहिला झरीचा लिंबाजी. तीस वर्षांचा, दाराएवढा रुंद. गुडघा निखळल्यामुळे कुस्ती सुटली होती आणि एवढ्या ताकदीचं करायचं काय, हा त्याच्यापुढे प्रश्न होता. दुसरा चारठाण्याचा भुजंग. तो चार बुकं शिकलेला होता आणि शिकलेला आहे हे लोकांना कळावं म्हणून कानावर पेन्सिल आणि काखेत वही ठेवायचा.

शिकवणं कशाला म्हणतात हे चंद्रप्पाला ठाऊक नव्हतं. त्याचे वडील चोळत आणि तो बघत असे, एवढीच त्याची शाळा. म्हणून पहिल्या दिवशी त्याने दोघांना समोर बसवलं आणि सगळं मार्गदर्शन एकदाच करून टाकलं.

"मी करतो तसं करा. इचारू नका."

दोघांनी ते तंतोतंत पाळलं. चंद्रप्पाचा उजवा गुडघा धरत असे, म्हणून तो चोळताना डावा गुडघा टेकी. लिंबाजी आणि भुजंगही डावाच टेकू लागले. चंद्रप्पाचं एक बोट लहानपणी मोडून वाकडं बसलं होतं. भुजंगने वहीत लिहिलं, 'उजव्या हाताचं तिसरं बोट वाकडं धरणे.' लिंबाजीला ते जमेना, तेव्हा त्याने बोटाला चिंधी बांधून ते वाकवून ठेवलं. पंधरा दिवसांनी दोघांचेही हात बरे चालू लागले, तेव्हा बोटाचा गुण आला असंच दोघांना वाटलं.

आणि सातवा हात. चंद्रप्पा कमरेपासून मानेपर्यंत पाठीच्या एकेका बाजूवर सात हात फिरवायचा. सातवा हात झाला की पाठ गरम होते आणि लगेच तापल्या वाळूच्या पुरचुंडीने शेकावं लागतं. तीस वर्षं ती पुरचुंडी नागुबाई आत चुलीवर तापवत आली. सातवा हात झाला की चंद्रप्पा आतल्या दाराकडे मान वळवून विचारी, "झालं का गं?" आतून उत्तर येई, "झालं," आणि दारातून पुरचुंडी बाहेर येई.

आता अक्का शेगडी आधीच त्याच्याजवळ आणून ठेवी. विचारायचं कारण उरलं नव्हतं. तरी सातव्या हाताला चंद्रप्पाची मान वळे, तोंडातून "झालं का गं?" निघे, एक श्वास जाई, आणि मग तो शेगडीवरची पुरचुंडी उचली. आपण असं करतो हे त्याला माहीत नव्हतं. जांभई दिल्याचं माणसाला कुठे कळतं, तसं.

"हे कुणाला इचारत्यात रे?" लिंबाजीने एकदा हळूच भुजंगला विचारलं.

"गप. लिहू दे."

"अक्काला इचारत असतील."

"अक्का तर अंगणात शेंगा फोडायलीय."

"मग आत कोन हाय?"

"आत कुनीच न्हाई. म्हणून तर तो मंत्र हाय."

लिंबाजीने विचार केला. "मंत्रात 'गं' असतंय व्हय?"

"देवीचा असला तर असतंय," भुजंग म्हणाला आणि त्याने लिहिलं, 'सातव्या हातानंतर आतल्या दाराकडे तोंड करून साद घालणे. झालं का गं. एक दम थांबणे. उत्तर येत नाही. पुढे शेक.'

लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं होतं, त्या वर्षीची ही गोष्ट. पिकांच्या पाहणीसाठी निजामाच्या महसूल खात्यातले गिर्दावर बन्सीधर लाला ताडकळसला मुक्कामाला आले. लालाजी हैदराबादचे कायस्थ. बोलणं उर्दूत, घरात पडदा. परभणीच्या घराची डागडुजी चालली होती म्हणून बायकोलाही बरोबर आणलं होतं. पाटलाने आपलं नवं घर रिकामं करून दिलं. पुढच्या खोलीत लालाजी, मागच्या खोलीत त्यांची बायको आणि मधे दाराला चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा. ती चिक ओलांडून चपराश्याची नजरसुद्धा जात नसे.

तिसऱ्या दिवशी लालाजी तट्टावरून पडले. चपराशी चंद्रप्पाकडे निरोप घेऊन आला, "उस्तादला बोलावलंय. आत्ता."

चंद्रप्पाच्या अंगठ्याला हळद बांधलेली होती. वाटी धरता येईना, तिथे गिर्दावराची पाठ कुठली धरवणार? त्याने लिंबाजीकडे पाहिलं.

"तू जा."

लिंबाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "उस्ताद, सायबाची पाठ?"

"पाठ पाठच असती. मी करतो तसं कर."

"सगळं?"

"सगळं. एक हात कमी न्हाई, एक जास्ती न्हाई."

"वही घेऊन मी बी जातो संगं," भुजंग म्हणाला. चंद्रप्पाने मान हलवली. त्याला वाटलं, दोघं गेलेले बरे.

पाटलाच्या घरात लालाजी सतरंजीवर पालथे पडले होते. लिंबाजीने डावा गुडघा टेकला, बोट वाकडं केलं आणि तेल घेतलं. भुजंग भिंतीपाशी उभा राहून वही वाचू लागला. चपराशी तोंड उघडं टाकून बघत राहिला, कारण वहीत बघून मालिश करणारे त्याने कधी पाहिले नव्हते.

"डावा पाय," भुजंग वाचे.

"झाला."

"पाठीची डावी बाजू."

"धरली."

"सात हात."

लिंबाजी मोजू लागला. त्याचा हात खरोखर चांगला होता. लालाजी तिसऱ्या हाताला कण्हले, चवथ्याला "वाह" म्हणाले आणि सहाव्याला त्यांचे डोळे मिटले.

"सातवा झाला. म्होरं?"

"साद."

"आतलं दार कोंचं?"

भुजंगने खोलीभर पाहिलं. दार एकच होतं, चिकेचं. "ते."

लिंबाजीने चिकेकडे तोंड केलं आणि तालमीत कमावलेल्या गळ्याने हाळी दिली, "झालं का गं?"

वहीप्रमाणे तो एक दम थांबला. आणि मग चिकेमागून बाईचा आवाज आला, "अभी नै हुआ जी! जरा ठैरो!"

लिंबाजी विंचू चावल्यासारखा उठला. "भुजंग! उत्तर आलं!"

"कुनाचं?"

"देवीचं!"

"उर्दूत?"

"ते मला काय ठाऊक! आता काय करू? म्होरं वाच!"

भुजंगने पान उलटलं, परत मागे उलटलं. "वहीत उत्तर येत न्हाई असं लिव्हलंय. आल्यावर काय करायचं ते न्हाई."

तोवर लालाजी उठून बसले होते. अंग तेलाने चमकत होतं आणि डोळे तांबडे झाले होते. "कौन बोला? किसकू बोला? मेरे जनाने में आवाज देता?"

"साहेब, तो मंत्र हाय—"

"मंतर? मेरी बीवी कू मंतर?"

चपराश्याने लिंबाजीला धरलं. म्हणजे लिंबाजीने धरू दिलं, नाही तर त्याला चार चपराशी लागले असते. दुपारी गाडी जुंपून त्याला परभणीला पोलिसांच्या अमीनसाहेबाकडे पाठवायचं ठरलं. तोवर चावडीत कोंडलं. जाता जाता लिंबाजी मागे वळून ओरडत होता, "साहेब, उजवी बाजू राहिली हो! वाकडे व्हाल!" लालाजींना ती धमकी वाटली. तीसुद्धा त्यांनी तक्रारीत लिहून घेतली.

भुजंग धावत घरी आला. चंद्रप्पा ओसरीवर अंगठा धरून बसला होता, अक्का शेंगा फोडत होती. भुजंगने सगळं सांगितलं.

"लिंबाजी असं काहून ओरडला?" चंद्रप्पा म्हणाला. "खूळ लागलं का त्याला?"

"उस्ताद, तुमीच म्हणालात, सगळं कर."

"मी कवा म्हणतो 'झालं का गं'?"

भुजंगने वही पुढे केली. चंद्रप्पाला वाचता येत नव्हतं. त्याने अक्काकडे पाहिलं. अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"रोज म्हणतोस," ती म्हणाली.

"मी?"

"प्रत्येक गिऱ्हाइकाला. कालच्याला बी म्हणालास. गावात सगळ्यांला ठाऊक हाय. मला वाटलं, तुला बी ठाऊक असंल."

चंद्रप्पा उठून उभा राहिला. त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. आत चूल होती, भांडी होती, दोरीवर अक्काचं लुगडं होतं. मग त्याने अंगठ्याची हळद सोडली, पागोटं घातलं आणि तेलाची बुधली घेतली.

"कुठं निघालास? हात चालत न्हाई तुझा!"

"लिंबाजीला गाडीत घालायच्या आत," तो म्हणाला, "सायबाची उजवी बाजू करायला पाहिजे."

पाटलाच्या घरापुढे गाडी जुंपलेली होती. आत लालाजी उभे होते, पण कसे? डावी बाजू मोकळी होऊन खाली आलेली, उजवी आखडून वर गेलेली. वाऱ्याने कललेल्या बुजगावण्यासारखे ते एका अंगाने सही करायला बघत होते आणि दौत दुसऱ्या अंगाला होती.

चंद्रप्पाने मुजरा केला. "साहेब, पोरगं निर्दोष हाय. मी करतो तसं त्यानं केलं. ती साद माझी हाय."

लालाजींनी त्याला कललेल्या मानेने नीट न्याहाळलं. कायद्यातला माणूस, पुरावा मागणारच. "तुम भी आवाज देते?"

"व्हय म्हणं."

"म्हणं?"

"लोक म्हणत्यात."

"अच्छा. तो करके दिखाव." लालाजी कण्हत सतरंजीवर पालथे झाले. "उजवी बाजू करो. सातवे हात कू तुमने आवाज दी, तो वो छूटा. नै दी, तो झूठ बोला समझूंगा. तुमकू भी गाडी में बिठाऊंगा."

भुजंगला हायसं वाटलं. उस्ताद आजवर एकदाही चुकला नव्हता.

चंद्रप्पाने डावा गुडघा टेकला. अंगठा वर धरून तळव्यानेच तेल पसरलं. पहिला हात, दुसरा, तिसरा. लालाजींची उजवी बाजू हळूहळू खाली येऊ लागली. पाचवा, सहावा. भुजंग मोजत होता, चपराशी मोजत होता, गाडीवानसुद्धा खिडकीतून मोजत होता.

सातवा हात मानेपाशी पोचला. चंद्रप्पाची मान वळली नाही.

भुजंगने खोकून खूण केली. चंद्रप्पाने पुन्हा कमरेपासून हात घेतला. आठवा. नववा. तीस वर्षांत त्याने आठवा हात कुणाला दिला नव्हता.

"उस्ताद," भुजंग कुजबुजला, "साद."

"सातवाँ हो गया," लालाजी पालथेच म्हणाले. "आवाज कहाँ है?"

"येत न्हाई, साहेब."

"क्यों?"

"आता कळलंय म्हणून."

"क्या कळलं?"

चंद्रप्पाचे हात थांबले. "बायको आत बसून वाळू तापवायची, साहेब. ती साद तिला हाय. ती गेली. तीन महिने झाले. मला ठाऊक न्हवतं मी अजून इचारतोय म्हणून. आज अक्कानं सांगितलं. आता कसं इचारू?"

चपराश्याने मान खाली घातली. सगळा कायदा पाठीवर तेल लावून पालथा पडला होता.

चिकेमागे बांगड्या वाजल्या. चिकेची खालची कड थोडी वर झाली आणि एका फडक्यात गुंडाळलेली, वाफा निघणारी वाळूची पुरचुंडी बाहेर सरकली. सकाळी "ठैरो" म्हणाली तेव्हा ती बाई खरोखरच वाळू तापवत होती. मालिशवाल्यांसाठी वाळू लागेल, असं चपराश्याने चिकेबाहेरून सांगून ठेवलं होतं.

"हो गया," बाई आतून म्हणाली. "लेव."

चंद्रप्पाने पुरचुंडी घेतली आणि लालाजींची पाठ शेकली.

"और सुनो जी," आतला आवाज आता लालाजींना म्हणाला. "उस पैलवान कू छोडो. उसने तो पूछा, हुआ क्या बोलके. बारा बरस में आप पूछे कभी? सीधा चिल्लाते, लाव बोलके."

लालाजी उठले. सरळ उठले. दोन्ही खांदे एका पातळीत होते, त्यामुळे रागावणं अवघड झालं होतं. त्यांनी चपराश्याला लिंबाजीला सोडायला सांगितलं, पण गिर्दावर होते, काही तरी अट घातल्याशिवाय सोडणं त्यांना शोभलं नसतं. अट मात्र त्यांना सुचायच्या आत चिकेमागून आली.

"मेरी कमर दो बरस से दुखती. किसीने पूछा नै. उस्ताद, तुम्हारे यहाँ कोई औरत है मालिश की?"

"होती," चंद्रप्पा म्हणाला.

ताडकळसातल्या बायकांच्या कंबरा नागुबाई चोळत असे. दार लावून, माजघरात. दुसरं कुणी शिकलं नव्हतं आणि शिकवा असं तिला कुणी म्हटलंही नव्हतं.

"आठ दिन," लालाजींनी तेवढ्यात संधी साधली. "आठ दिन में औरत नै आई, तो पैलवान फिर चावडी में."

त्या दिवसापासून लिंबाजी अक्काच्या मागे लागला. तिचं पाणी भरू लागला, सरपण फोडू लागला, "अक्का, तुमचे हात लय मोठे हायेत, देवानं त्याच्यासाठीच दिलेत," असं म्हणू लागला.

"मला भाकरी थापता येती, कंबर न्हाई," अक्का म्हणाली.

"तसंच असतंय ते," चंद्रप्पा म्हणाला.

"तसंच म्हणजे कसं? दाखव की."

इथे अडचण आली. नागुबाईला चोळताना चंद्रप्पाने कधी पाहिलं नव्हतं. दार लावलेलं असे. तिचा हात त्याला माहीत होता तो फक्त स्वतःच्या पाठीवरचा. तीस वर्षं दमून आला की तो पालथा पडे आणि ती त्याची पाठ चोळी. म्हणून तो ओसरीवर पालथा पडला आणि अक्काला म्हणाला, "चोळ. मी सांगतो."

अक्काने तेल घेतलं. लिंबाजी आणि भुजंग दोन्ही बाजूंना बसले.

"थोडं वर. न्हाई, खाली. अंगठा नको. जड व्हायलंय."

"असं?"

"न्हाई. तिचा हात असा न्हवता."

"मग असा?"

"असा बी न्हाई."

अक्काने घाम पुसला आणि भावाच्या पाठीवर एक चापट मारली. "मग बोलव तिलाच!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. लिंबाजीने छताकडे पाहिलं. भुजंगची पेन्सिल थांबली.

"तेच तर करत होतो परवापर्यंत," चंद्रप्पा सतरंजीत तोंड खुपसून म्हणाला. "आता तू कर. जरा डावीकडं घे."

आठ दिवसांतले पाच गेले आहेत. अक्काला खांदे जमले, पाय जमले. कंबर शिकवायची राहिली आहे.